वैशाली, पेपर मी फोडला होता

वैशाली,

तुझ्याशी मी एक लबाडी केली होती. दीड वर्ष ती दर गुरुवारी जिभेवर यायची आणि दर गुरुवारी मी ती चहाबरोबर गिळून टाकायचे. आता तू जाऊन तेवीस दिवस झाले आणि मी वही-पेन घेऊन बसलेय. अक्कल बघ माझी! छत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना सांगत आले, "चूक झाली तर हात वर करा, मारणार नाही." माझा स्वतःचा हात काही वर झाला नाही.

तुझं शिक्षण, तुझा आजार, मागं कोण कोण आहे, ते सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलं. मेंदूच्या लहरी आणि म्हातारपणचं विसरणं यावर तू पीएचडी करत होतीस, असंही त्यात आहे. बरोबरच आहे ते. पण आमच्या घरी तू कशी आलीस, ते त्यात नाही.

आलीस ती स्कूटीवर. जळोचीपासून लासुर्ण्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं, केसांत पाचटाचे तुकडे. मागच्या सीटवर शालीत गुंडाळून बांधलेलं यंत्र. मला वाटलं, शिलाई मशीन विकणारी आली. ओट्यावर उभी राहून म्हणालीस, "काकू, तात्या आहेत का?" मी म्हटलं, "काकू असेन तुझ्या घरी. इथं मला सगळं गाव बाई म्हणतं." "बरं बाई," म्हणालीस आणि चपला काढून सरळ आत. मला राग यायच्या आधी तू पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होतास.

आमच्या ह्यांचं, तात्यांचं विसरणं तेव्हा दोन वर्षांचं झालं होतं. वालचंदनगरला कारखान्यात लेथवर जन्म काढलेला माणूस. लोखंडातला केसाएवढा फरक बोटानं ओळखायचे, आणि आता शर्टाची बटणं वरखाली लावायला लागले होते. डॉक्टरांनी तुझं नाव सुचवलं होतं. तू समजावून सांगितलंस, डोक्यावर टोपी घालायची, टोपीत तारा असतात, त्या मेंदूतली हालचाल टिपतात आणि ती समोरच्या पडद्यावर दिसते. माणसानं आपलंच मन बघत बघत ते ताळ्यावर आणायला शिकायचं. "औषध नाही हे बाई, सराव आहे. आणि उपयोग होतोच असं मी म्हणत नाही. तेच तर शोधतेय." हे तुझं बोलणं मला आवडलं. आमच्या दारात आलेला प्रत्येक जण गुण येणारच, असं छाती ठोकून सांगून गेला होता.

पहिल्या दिवशी गाडं अडलं ते तेलावर. डोकं धुऊन ठेवा, असा निरोप होता तुझा. पण घरात पाहुणी येणार, ती डोकं बघणार, म्हणून मी तात्यांचं डोकं धुऊन वर चांगलं वाटीभर खोबरेल चोपडलं होतं. तू हात लावलास आणि मटकन खाली बसलीस. "अहो बाई, ह्याच्यावर तार चिकटायची कशी?" मग दोनदा शिकेकाई झाली, तरी तेल हटेना. शेवटी मी भांड्यांचा साबण आणला. तात्या मोरीतनं ओरडले, "अगं, डोकं हाय का कढई?" तू इतकी हसलीस की भिंतीला धरून उभी राहिलीस. त्या दिवशी काम काहीच झालं नाही, पण जाताना तुझ्या डब्यात मी शेंगाची चटणी भरून दिली आणि तू ती न लाजता घेतलीस.

पडद्यावर तेव्हा एक परदेशी मोटार होती. मन शांत झालं की मोटार पुढं जायची. तात्या दोन मिनिटं बघून म्हणाले, "गाडी माझी न्हाय. मी कशापायी चालवू?" पुढच्या गुरुवारी तू आलीस तर पडद्यावर उसाचा फड! मधनं पाट, आणि मन ठिकाणावर असलं की पाट धरून पाणी सरीत चाललेलं. कुणाकडनं करून घेतलंस, किती रात्री जागलीस, काही बोलली नाहीस. तात्या सावरून बसले. आता ते यंत्रापुढं नव्हते, दारं धरायला, उसाला पाणी द्यायला बसले होते.

"पानी थांबलं गं. लाईट गेली का?"

"लाईट आहे तात्या. तुमचं मन बांध ओलांडून शेजारच्याच्या रानात गेलं."

"मग जानारच की! त्यानं बांध कोरलाय आमचा!"

ती वीस मिनिटं मी स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचे. गरम चहा. तुला हे कधी सांगितलं नाही मी. दोन वर्षं माझा प्रत्येक चहा गार झालेला होता, कारण निम्म्यात उठून बघावं लागायचं, माणूस घरात आहे का रस्त्याला लागला. तुझ्या शोधाचं काय झालं मला माहीत नाही, पण आठवड्यातनं एकदा मला माझा कप संपवता आला, तो तुझ्यामुळं.

आता त्या परीक्षेचं सांगते.

सुरुवातीलाच तू तात्यांची तोंडी परीक्षा घेतली होतीस. दहा शब्द वाचून दाखवायचे, मध्ये दुसरं काहीतरी करायला द्यायचं, मग विचारायचं कुठले शब्द होते. तात्यांना दोन आले. तू नेहमीसारखी हसत "छान झालं" म्हणून गेलीस. तात्या मात्र ओट्यावर बसून राहिले. दिवेलागणीला मला म्हणाले, "मी नापास झालो का गं?"

"ही काय शाळा आहे का?" मी म्हटलं.

"न्हाय, शाळा न्हाय. पन झालो का?"

मी आत जाऊन भाकरी थापायला घेतली आणि तव्यावर भाकरी करपेपर्यंत रडले. त्या माणसाला आयुष्यात कुणी कधी नापास केलं नव्हतं. कारखान्यातले साहेबलोक त्यांनी लेथवर घडवलेला जॉब दुसऱ्यांदा मोजायचे नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. तिच्या आधीच्या गुरुवारी तुझा फोन वाजला आणि तू परसात गेलीस. फाईल कॉटवर उघडी. वरच पुढच्या परीक्षेचा कागद. शपथेवर सांगते, मी फाईलीला हातसुद्धा लावला नाही. लावायची गरजच नव्हती. टेबलापलीकडनं पोराची उलटी वही वाचायची, ही प्रत्येक शिक्षकाच्या डोळ्यांना लागलेली सवय. तू फोन संपवून येईपर्यंत दहाच्या दहा शब्द माझ्या डोक्यात होते. तू गेल्यावर ते मी कॅलेंडरच्या मागं उतरवून काढले. वर्गात कॉपी पकडली की मी पोरांना उन्हात उभं करायचे, आणि इथं बाईंनीच पेपर फोडला.

मग सात दिवस आमच्या घरात शाळा भरली. अंघोळीला, जेवताना, दात घासताना. "पहिला?" "घुंगरू." "दुसरा?" "खिडकी." "तिसरा?" तात्या छताकडं बघायचे. पाढे म्हणून घ्यावेत तसे मी ते शब्द त्यांच्याकडनं म्हणून घेतले. पाचव्या दिवशी तिसरा शब्द काही केल्या येईना, तेव्हा माझा तोल गेला आणि मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. वैशाली, ते अंग चोरून म्हणाले, "बाई, मारू नका. उद्या पाठ करून येतो."

सगळं गाव मला बाई म्हणतं. ते कधी म्हणाले नव्हते. त्यांनी मला 'मालन'च म्हटलंय लग्नापासून. त्याच वेळी मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. उलट गूळ देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आमच्या मुलालाही नाही. तुला सांगतेय.

परीक्षेच्या दिवशी तू मला ओट्यावर बसवलंस आणि दार लोटून घेतलंस. अर्ध्या तासानं बाहेर आलीस. मी विचारलं, "काय झालं?" तू माझ्याकडं बघत म्हणालीस, "बाई, आज तात्या लई तयारी करून आलेत." किती आले, तर नऊ! मी आत पळत जाऊन सांगितलं, "पास झालात हो!" आणि त्या माणसाच्या तोंडावर जे पसरलं ना, त्यापुढं मला पापपुण्य काही दिसेना. कोपऱ्यावरनं पेढे आणले. तू अर्धाच घेतलास, उरलेला अर्धा तात्यांच्या हातावर ठेवलास.

त्यानंतर तू मला किती वेळा विचारलंस, ते आता आठवतंय. एकदा तारा पुसता पुसता म्हणालीस, "बाई, तात्यांच्या मेंदूच्या रेघा अगदी होत्या तशाच आहेत. शब्द मात्र वाढले. असं कसं झालं असेल?" मी म्हटलं, "देवाची कृपा." मग एकदा पावसात अडकलीस तेव्हा म्हणालीस, "शब्द कुठनं आले ते कळलं तर बरं होईल." मी भजी तळायला उठले. चांगला शिक्षक पोराला कबूल व्हायला असाच वाव देतो. मी जन्मभर हेच केलं आणि तू माझ्याशी तेच करतेयस, हे मला ओळखू आलं नाही. की ओळखायचंच नव्हतं? तसंच असणार.

आपलं खरं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवरनं झालं. तात्या विचारायचे, "मला काय झालंय?" आणि मी सांगायचे, "वयाचं आहे, थंडी सरली की बरं वाटेल." तू ते ऐकलंस आणि अंगणात येऊन मला धारेवर धरलंस. "दुखणं त्यांचं आहे बाई. त्यांच्यापासनं का लपवता?" मी पण काय कमी आहे का! म्हटलं, "तू सहा वाजता स्कूटीला किक मारून जातेस. सांगितल्यावर रडणार, तासाभरानं विसरणार, पुन्हा विचारणार. ते निस्तरायचं मला आहे. शहाणपण शिकवू नकोस." पुढचे दोन गुरुवार कामापुरतं बोललीस. तिसऱ्या गुरुवारी आलीस ती तुमच्या बांधावरची पिशवीभर शेवग्याची पानं घेऊन, आणि भांडण तिथंच राहिलं. ना तू हरलीस, ना मी.

मग तू वाळत गेलीस. मी म्हटलं, "जेवतेस का नाही?" तर म्हणे, "डाएट चाललंय." आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला! लबाडीत मी एकटीच हुशार नव्हते म्हणायचं. शेवटच्या गुरुवारी तुझ्या हातानं टोपीचा पट्टा बसेना. तात्यांनी तो स्वतःच हनुवटीखाली लावला, अगदी बरोबर भोकात, आणि म्हणाले, "बस पोरी. आज लई धाप लागलीया तुला." निघताना तू दारात जरा जास्तच वेळ उभी राहिलीस. मी म्हटलं, "जा आता, ट्रॉल्या सुरू होतील." हे आपलं शेवटचं बोलणं.

दहाव्याला मी जळोचीला आले. शेजारच्या मंदाला तात्यांजवळ बसवून एकटीच आले. तुझे वडील भिंतीला टेकून बसले होते. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "लासुर्न्याच्या बाई व्हय? तुमची चटनी खाल्लीया आमी." मग आपणहून म्हणाले, "माझा बाप मेंढरं राखायचा. तो कधी मोजायचा न्हाय. म्हनायचा, कळप म्होरनं गेला की कुठलं न्हाय ते आपसूक कळतंया. तसंच झालंय बघा घरात." मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

घरी आले. तात्यांनी विचारलं, "कुठं गेलतीस?" मी म्हटलं, "पेन्शनच्या कामाला."

माझी झोप उडाली ती त्यानंतर. तुझे सर तुझं काम पुरं करून छापणार आहेत, असं जळोचीत कानावर आलं होतं. माझ्या मनानं घेतलं, त्यात तात्यांचे नऊ शब्द असणार. तू मान खाली घालून इतकी वर्षं केलेलं काम, आणि त्यात माझा खोटा आकडा तुझ्या नावावर कायमचा. तू असतीस तर रागावली असतीस, भांडली असतीस. आता तुझ्या बाजूनं बोलायलाही कुणी नाही. शेवटी परवा मंदाला पुन्हा तात्यांजवळ बसवून सकाळची एसटी धरली आणि बारामतीला तुझ्या सरांपुढं जाऊन उभी राहिले. खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं, "सर, लासुर्ण्याच्या तात्यांचा आकडा काढून टाका. तो पेपर मी फोडला होता."

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. तुझी वही काढली. एक पान उघडलं आणि बाकीच्यांची नावं मला दिसू नयेत म्हणून त्या ओळींवर हात ठेवून मला एकच ओळ दाखवली. तुझं अक्षर. तात्यांच्या नावावर आडवी रेघ आणि पुढं लिहिलेलं, "यादी वाचण्याआधीच चौथा शब्द सांगितला. घरी पाठांतर झाले आहे. माहिती वापरू नये. भेटी चालू ठेवणे." खाली तारीख. पेढ्यांच्या दिवसाचीच.

सर म्हणाले, "बाकी सगळं स्वच्छ आहे, काळजी करू नका. पण मला एक कळत नव्हतं. ह्यांना तर तिनं अभ्यासातनं तेव्हाच वगळलं होतं. मग दर गुरुवारी तिकडं कशाला जाते? मला वाटायचं, तिकडं कुणी नात्यातलं असेल."

एसटीत मला आधी तुझा रागच आला. अगं बये, मग झापायचं तरी मला! एकदा खडसावलं असतंस तर रडून मोकळी झाले असते. आणि खरं सांगा म्हणून माझ्या मागं लागणारी तू, तूच खोटं बोललीस? म्हणून मी ते सगळं बोलणं पुन्हा आठवून बघितलं. नाही. 'पास' मी म्हणाले होते. पेढे मी आणले होते. तू एवढंच म्हणालीस की तात्या लई तयारी करून आलेत, आणि त्यात कणभर खोटं नव्हतं. सणसरपर्यंत येईतो राग संपला आणि मी खिडकीकडं तोंड करून रडले. दीड वर्ष, तो रस्ता, ते यंत्र, पोटात ते दुखणं, आणि आमच्या घरातनं तुला कामाचं काहीच मिळणार नव्हतं. तरी यायचीस. तात्यांचा ऊस भिजवायला आणि माझा चहा गरम राहायला. तुझे उपकार कुठल्या शब्दांत मानू, मला सुचत नाही.

घरी पोचले तो गुरुवार होता. तात्या डोकं पुसत खुर्चीवर बसलेले. "पोरगी कवा यायची?" तू गेल्यापासनं दर गुरुवारी ते हेच विचारत होते आणि मी दर गुरुवारी सांगत होते, "गावाला गेलीय, येईल." त्या दिवशी मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्यापुढं बसले आणि म्हटलं, "वैशाली वारली. तीन आठवडे झाले."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हात गुडघ्यावर ठेवले.

"मातीला कोन गेलतं?"

"मी दहाव्याला गेले होते."

"आन मी?"

"तुम्हाला नाही नेलं."

"का?"

मी म्हटलं, "तुम्ही विसरता म्हणून. पुन्हा पुन्हा नवं दुःख कशाला, म्हणून." आणि मग सगळंच सांगितलं. विसरणं थंडीचं नाही, वयाचंही नाही, हा आजार आहे, आणि तो जाणार नाही. पेपर मी फोडला होता तेही सांगितलं. ते ऐकत होते. पेपराचं त्यांना काही वाटलं नाही. आजाराचं ऐकून मान हलवली, एवढंच. अडकले ते तुझ्यावर.

"मी इसरतो, म्हनून माझं रडनं बी काढून घेतलंस व्हय गं, मालन?"

मग ते रडले. मीही. बऱ्याच वेळानं त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "तिच्या बापाला भेटाय पायजे."

वैशाली, भांडण तू जिंकलीस.

काल सकाळी उठल्यावर त्यांना काही आठवत नव्हतं. मी सांगितलं. पुन्हा रडले. आज चहाच्या वेळी पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणाले, "व्हय, कायतरी झालंय असं वाटत व्हतं मला." उद्या आम्ही दोघं जळोचीला येतोय, तुझ्या वडिलांकडं. तासभराचा रस्ता आहे. वाटेत विसरले, तर वाटेतच पुन्हा सांगेन.